पहूरचे ताक आणि पुण्याची कॅप्सूल

गेल्या दिवाळीत आम्ही सहकुटुंब पहूरला गेलो होतो. जळगावहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागले आणि नेरी मागे पडली की वाघूर नदीकाठी हे गाव लागते. माझ्या लहानपणी पाचोऱ्याहून जामनेरला जाणाऱ्या छोट्या गाडीने आम्ही येथे उतरत असू. ती गाडी २०२० साली बंद पडली. आता एस्. टी. आणि जीपगाड्या. गाव मात्र अजून आपले वाटते, कारण तेथे माझी आत्या आहे. वय अठ्ठ्याहत्तर, दात बहुतेक स्वतःचे, आणि जेवणानंतर पेलाभर ताक घेतल्याखेरीज पानावरून उठायचे नाही हा नेम.

पहिल्याच दिवशी जेवण झाले, आत्याने ताकाचा पेला पुढे केला आणि मी खिशातून माझी डबी काढली.

"हे काय रे भाऊ? कशाची गोळी?"

"गोळी नाही आत्या, कॅप्सूल. पोटात चांगले जंतू सोडायची."

आत्याने हातातला पेला खाली ठेवला. "जंतू? ते काय विकत घेतो तू?"

"चांगले असतात ते. पचनाला मदत करतात."

"अन् घरचे होते ते कुठं गेले?"

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या प्रश्नाने मला बोलता येईना. सहा महिने मी रोज एक कॅप्सूल घेत होतो. पोट बिघडलेलेच होते, डबी मात्र दरमहा नवी येत होती. शहरातल्या कोणत्याही मध्यमवर्गीय घराचे फ्रिज उघडून पाहा. लिंबांच्या शेजारी लहान बाटल्यांची एक माळ, नाही तर औषधांच्या डब्यात एखादी 'प्रोबायोटिक' पुडी सापडतेच. गॅसवर तीच, बद्धकोष्ठावर तीच, जुलाबावर तीच, आणि अलीकडे तर झोप, त्वचा आणि मनाची उदासी यांवरही तीच! तेव्हा आत्याचा प्रश्न थोडा गंभीरपणे घ्यावा असे मी ठरविले, आणि जाणकारांना विचारून, वाचून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

घरचे किती, पाहुणे किती?

आपल्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, जंतूंची एक अफाट वस्ती असते. २०१६ साली शास्त्रज्ञांनी केलेल्या हिशेबाप्रमाणे मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी असतात सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे मोजदादीत आपण आपल्याच घरात किंचित अल्पमतात आहोत! या सगळ्या वस्तीचे वजन मात्र पावशेराहूनही कमी, सुमारे २०० ग्रॅम.

ही वस्ती फुकट राहत नाही. आपल्याला न पचणारा धान्या-भाज्यांचा चोथा ती आंबविते, आणि त्यातून निघणारी आम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात. काही जीवनसत्त्वे ती तयार करते, आणि बाहेरून आलेल्या उपद्रवी जंतूंना सहजासहजी जागा मिळू देत नाही.

आता दुकानातल्या बाटलीकडे वळू. आपल्याकडे मिळणाऱ्या एका प्रसिद्ध आंबट-गोड पेयाच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत ६५० कोटी जंतू असतात. आकडा ऐकून छाती दडपते. पण भागाकार करून पाहा. एक पाहुणा, आणि त्याच्यासमोर घरचे जवळजवळ ५,८००! पहूरच्या बाजारात परगावचा एक माणूस उतरला म्हणून बाजार बदलत नाही. त्यातून हे पाहुणे मुक्कामालाही फारसे राहत नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत घेणे थांबविले की थोड्या दिवसांत, फार तर थोड्या आठवड्यांत ते निघून जातात. इस्राएलच्या संशोधकांनी २०१८ साली दुर्बीण आत घालून पाहिले, तेव्हा काहींच्या आतड्यांनी या पाहुण्यांना ओसरीवर जागा दिल्याचे आणि काहींनी दारातूनच परत पाठविल्याचे आढळले.

तेव्हा आत्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की घरचे कोठेही गेलेले नसतात. ते तेथेच असतात.

मेचनिकॉफसाहेबांचे दही

ही कल्पना निघाली कोठून? रशियात १८४५ साली जन्मलेला एली मेचनिकॉफ हा मोठा शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हे त्याने दाखविले आणि १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. उतारवयात त्याच्या मनाने घेतले की म्हातारपण हे मोठ्या आतड्यात सडणाऱ्या अन्नामुळे येते, आणि दह्यातले जंतू ही सड थांबवितात. बल्गेरियातले शेतकरी दही खातात आणि खूप जगतात, हा त्याचा दाखला. पॅरिसमध्ये दह्याची एकच लाट आली. मेचनिकॉफ स्वतः नेमाने आंबविलेले दूध पीत असे. तो १९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी वारला. त्या काळच्या मानाने आयुष्य चांगले, पण चमत्कार म्हणण्याजोगे नव्हे.

पुढे जर्मनीत निस्ल याने १९१७ साली, आजूबाजूचे सैनिक हगवणीने लोळत असता ठणठणीत राहिलेल्या एका सैनिकाच्या आतड्यातून एक जंतू वेगळा काढला. जपानमध्ये मिनोरू शिरोता याने १९३० साली आपला जंतू निवडला, आणि १९३५ पासून त्याचे पेय विकले जाऊ लागले. या मंडळींची चिकाटी खरी होती. घोटाळा झाला तो नंतर, जेव्हा एका जंतूचा एका दुखण्यावरचा गुण पाहून लोकांनी सगळ्या जंतूंना सगळ्या दुखण्यांची सनद देऊन टाकली.

आत्याच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांचे श्रेय ताकाला द्यावे असा मोह मलाही झाला होता. मी तसे बोलूनही गेलो. आत्या म्हणाली, "तुझे मामंजी याच डेऱ्यातलं ताक प्यायचे. साठीही पाहिली नाही त्यांनी." मेचनिकॉफसाहेबांना हे सांगणारे कोणी भेटले नसावे.

भाऊबीजेची रात्र

भाऊबीजेच्या दिवशी माझ्या भाचीचा सव्वा वर्षाचा मुलगा सकाळपासून जुलाब करू लागला. पाच झाले, सहा झाले, मग मोजणे सुटले. भाची शिकलेली, नीटनेटकी. तिने लगेच बसस्थानकाजवळच्या दुकानातून जंतूंच्या लहान कुप्या आणविल्या, एक दुपारी दिली, एक संध्याकाळी दिली, आणि आता उतार पडेल म्हणून आम्ही सगळे वाट पाहत बसलो. डबी बाळगणारा मीच तिला धीर देत होतो, "चांगले औषध आहे, थोडा वेळ लागतो."

रात्री आठच्या सुमारास शेजारची आशाताई फराळाचे ताट परत द्यायला आली. गावच्या आरोग्याचे काम करणारी, चाळिशीची बाई. तिने पोराकडे पाहिले आणि ताट हातातच ठेवून विचारले, "ताई, बाळानं शू कधी केली?"

भाची गप्प झाली. कोणालाच आठवेना. पोर निपचित पडले होते. रडत होते, पण डोळ्यांत पाणी नव्हते. आशाताईने त्याच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू खाली बसली. डोळे आत गेलेले आम्हाला तेव्हा दिसले.

पुढचे अर्धे तास मी विसरणार नाही. आशाताईने घरून क्षार-संजीवनीची, म्हणजे ओ. आर. एस्. ची पाकिटे आणली. उकळून गार केलेले लिटरभर पाणी मोजून घेतले, एक पूर्ण पाकीट त्यात विरघळविले आणि मिनिटा-मिनिटाला एक चमचा पाजायला सुरुवात केली. उलटी झाली की दहा मिनिटे थांबायचे, पुन्हा चमचा. इकडे गाडी सांगितली, आणि तसेच चमच्याने पाजीत आम्ही दवाखान्यात पोचलो. पहाटे दोनला पोराने शू केली आणि भाची तोंडात पदर घालून रडली.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "कुप्या दिल्यात याचे काही नाही. त्यांची वाट पाहत बसलात हे वाईट."

वाचकहो, या लेखातले दुसरे काही ध्यानात राहिले नाही तरी चालेल, एवढे ठेवा. जुलाबात मूल दगावते ते पाणी आणि क्षार गेल्यामुळे. ते परत भरणे हाच उपाय. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत मीठ-साखरेचे हे पाणी पिंपांतून वाटले. दर शंभरांत तिसांच्या घरात गेलेले मृत्यू चारांच्या आत आले. त्याच्या जोडीला जस्ताची गोळी, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहानाला १०, दहा ते चौदा दिवस. अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे चालूच ठेवायचे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा. मूल सुस्त पडले, पिईना, शौचात रक्त दिसले किंवा सहा तास लघवी झाली नाही, तर घरी थांबायचे नाही.

मग उपयोग आहे तरी कोठे?

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग हे सगळे थोतांड आहे. तसे म्हणणेही चूक होईल. ज्यावर खरोखर तपास झाला आहे ते सांगतो.

पहिले, प्रतिजैविकांबरोबर होणारे जुलाब. मुलांवरच्या ३३ चाचण्या एकत्र करून २०१९ साली जे दिसले ते असे, की नुसते प्रतिजैविक घेणाऱ्या शंभरांपैकी १९ मुलांना जुलाब झाले, जोडीला प्रोबायोटिक घेणाऱ्यांत ८ मुलांना. फायदा स्पष्ट आहे. पण तोही सरसकट नाही. ब्रिटनमध्ये सुमारे तीन हजार वृद्ध रुग्णांवर अशीच चाचणी झाली, तिचा निकाल २०१३ साली आला, आणि फरक काहीच दिसला नाही. शिवाय २०१८ च्या इस्राएली तपासणीत, प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातली मूळ वस्ती पूर्ववत व्हायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेळ लागला. एकवीसच माणसांची ती तपासणी होती हे खरे, पण पाहुणे फार झाले की घरच्यांना जागा मिळत नाही, हे आपण दिवाळीत पाहतोच!

दुसरे, लागणीचे साधे जुलाब. अमेरिका आणि कॅनडात मिळून अठराशेहून अधिक मुलांवर केलेल्या दोन चाचण्यांचे निकाल २०१८ साली आले. दोन्हींत प्रोबायोटिक आणि खोटी पुडी यांत फरक पडला नाही. पुढे २०२० साली ८२ चाचण्यांचा आढावा निघाला, त्याचाही सूर तोच.

तिसरे, आपल्या देशातली दोन कामे. कलकत्त्याच्या वस्त्यांतून एक ते पाच वर्षांच्या ३,७५८ मुलांपैकी निम्म्यांना बारा आठवडे रोज ते जपानी पेय दिले. २०११ साली निकाल प्रसिद्ध झाला. साध्या पेयाच्या गटात ६७४ मुलांना हगवण झाली, दुसऱ्या गटात ६०८ मुलांना. म्हणजे सुमारे चौदा टक्के बचाव. खरा, पण बेताचा. एका मुलाची हगवण टळावी म्हणून पंचवीस-तीस मुलांनी तीन महिने रोज बाटली प्यायची. हात धुण्याचा साबण आणि शुद्ध पाणी यांचा हिशेब याच्या शेजारी मांडून पाहावा. ओरिसातले काम अधिक आशेचे. तेथील खेड्यांतल्या ४,५५६ नवजात बालकांवर केलेल्या चाचणीत एका विशिष्ट जंतूची पुडी सात दिवस दिली. रक्तदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण शेकडा ९ वरून ५.४ वर आले. हा निकाल २०१७ चा. पण तो त्याच जंतूचा, त्याच वयाचा, धडधाकट जन्मलेल्या बालकांचा. तो पाहून पन्नाशीतल्या माणसाने कॅप्सूल घ्यावी याला अर्थ नाही.

गॅस आणि वारंवार पोट बिघडणाऱ्यांना काही जंतूंनी थोडे बरे वाटते. कोणाला वाटते, कोणाला नाही. अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली सगळा पुरावा चाळून पोटाच्या बहुतेक तक्रारींसाठी प्रोबायोटिकची शिफारस करण्यास नकार दिला. वजन, त्वचा, मनःस्थिती यांविषयीच्या जाहिराती तर पुराव्याच्या फार पुढे धावत आहेत.

आणि हे घेणे प्रत्येकाला निर्धोक नाही. कर्करोगाचे उपचार चालू असलेले, प्रतिकारशक्ती दबलेले, अतिदक्षता विभागात शिरेत नळी असलेले रुग्ण यांच्या रक्तात हेच 'चांगले' जंतू शिरल्याची उदाहरणे आहेत. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या एका बालकाच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या औषध खात्याने २०२३ साली इस्पितळांना ताकीद दिली. तेव्हा अशा रुग्णासाठी डॉक्टरांच्या सांगण्याखेरीज पुडी आणू नये.

दही, ताक, बिबड्या

आत्याचे ताक प्रोबायोटिक आहे काय? काटेकोर व्याख्येने नाही. २००१ साली जागतिक तज्ज्ञांनी ठरविले की पुरेशा संख्येने घेतल्यावर प्रकृतीला लाभ देतो तोच जिवंत जंतू प्रोबायोटिक. घरच्या विरजणात कोणते जंतू आहेत, किती आहेत, हे कोणी मोजलेले नसते. म्हणून ते वाईट ठरत नाही. दह्यातले जिवंत जंतू दुधातली साखर पचवायला मदत करतात हे सिद्ध आहे. दुधाने ज्यांचे पोट डबरते त्यांना दही चालते ते याचमुळे. त्यात प्रथिने आहेत, चुना आहे, आणि ते स्वस्त आहे. ग्रहणी आणि मूळव्याध यांवर आयुर्वेदाने ताक सांगितले ते शतकानुशतकांच्या निरीक्षणातून.

मात्र आंबविलेले सगळेच जिवंत नसते. खान्देशात उन्हाळ्यात घरोघर बिबड्या होतात. ज्वारी भिजवून आंबवितात, मग घाटा शिजवून उन्हात थापतात. कुरडयांचा गहूही असाच आंबतो. चव त्या आंबण्याची, पण जंतू पातेल्यातच मरतात. इडली-ढोकळ्याचे तेच. ताकाची कढी उकळली की तीही तशीच. खावे जरूर, जंतूंच्या आशेने मात्र नव्हे.

उलट ज्याकडे आपण पाहतही नाही, ते घरच्या जंतूंचे खरे अन्न. उडीद मिसळून केलेली कळण्याची भाकरी, तुरीची डाळ, मेथी, वांग्याचे भरीत. जळगावचे केळे जगभर जाते. ते कच्चे असता त्यातला पुष्कळसा पिष्टांश लहान आतड्यात पचत नाही, तो थेट मोठ्या आतड्यातल्या वस्तीच्या वाट्याला येतो. पिकले की त्याची साखर होते. म्हणून कच्च्या केळ्याची भाजी अधूनमधून असावी. शहरात आपण भाकरी सोडून मैद्याच्या पावावर आलो, घरच्या जंतूंना उपाशी ठेवले, आणि बाजारातून नवे आणू लागलो. आत्याच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर हे आहे. भाकरी-उसळ एकदम वाढवू नये, एवढेच. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावी, नाही तर गॅसनेच हैराण व्हाल.

घ्यायचेच असेल तर

पाकिटावर जंतूचे नुसते घराणे न पाहता पूर्ण नाव आणि पुढचा क्रमांकही आहे का, ते पाहावे. गुण ठरतो तो त्या नेमक्या जातीवर. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांत रोजच्या मात्रेला निदान १० कोटी जिवंत जंतू सांगितले आहेत. ही संख्या मुदत संपेपर्यंतची आहे की भरतानाची, तेही वाचावे. थंड जागी ठेवायचे औषध वैशाखात, जळगावचा पारा पंचेचाळिसाच्या घरात असता, दुकानाबाहेर खोक्यात पडून राहिले असेल तर आत जिवंत काय उरले असेल? कोणत्या तक्रारीसाठी घेतो ते आधी लिहून ठेवावे, चार आठवडे घ्यावे, आणि फरक नसेल तर बंद करावे. शौचात रक्त, कारणाशिवाय घटणारे वजन, रात्री झोपेतून उठविणारे जुलाब, पांढरा पडलेला चेहरा किंवा पन्नाशीच्या आसपास अकस्मात बदललेली शौचाची सवय, यांवर चार दिवसही कॅप्सूल घेत बसू नये. डॉक्टर गाठावा.

माझे काय झाले ते सांगायचे राहिले. पोराला तपासणाऱ्या त्याच डॉक्टरांपुढे मी दुसऱ्या दिवशी संकोचत माझी डबी ठेवली. त्यांनी डबीकडे पाहिलेही नाही. "आणखी काय काय घेता?" मी मधुमेहाच्या गोळीचे नाव सांगितले. मेटफॉर्मिन. पोट केव्हा बिघडले? सहा-सात महिन्यांपूर्वी. गोळी केव्हा वाढविली? त्याच सुमारास. पोट ढिले होणे हा त्या गोळीचा नित्याचा उपद्रव आहे, असे ते म्हणाले. पुण्याला परतल्यावर माझ्या डॉक्टरांनी हळूहळू विरघळणारी गोळी दिली. पंधरा दिवसांत पोट जागेवर आले. सहा महिने मी चुकीच्या भाडेकरूला नोटिसा देत होतो!

निघायच्या दिवशी आत्याने बिबड्यांचा डबा दिला आणि विरजणाची लहानशी वाटी फडक्यात बांधून दिली. भाचीच्या पिशवीत ओ. आर. एस्. ची चार पाकिटे आशाताईने स्वतः घातली. पोर तोवर आत्याच्या मांडीवर बसून ताकात बोट बुडवीत होते.

"बोट कशाला, पेला दे त्याला," मी म्हणालो.

"चमच्यानं," आत्या म्हणाली. "घाई नको."